आइस टी गढूळ होत होता, तो असा जमला

एप्रिलात पुण्याचा पारा चाळिशीकडे सरकला की आमच्याकडे दुपारचा गरम चहा कुणालाच नको असतो. म्हणून आइस टी करायला घेतला. रोजची चहापूड खळखळून उकळली, गाळली, फ्रीजमध्ये ठेवली. तासाभराने पाहते तर रंग मातकट, गढूळ, आणि घोट घेतला की जीभ खरखरीत. कडक चहा गार होताना त्यातलं टॅनिन आणि कॅफिन एकमेकांना धरतात, त्यामुळे तो असा ढगाळतो.

मग उकळणंच सोडलं. १ लिटर गार पाण्यात १० ग्रॅम पत्तीचा चहा (पूड नको, ती फार कडक उतरते) रात्री घालायचा, ८ तास फ्रीजमध्ये. सकाळी गाळला तर बरणीतून पलीकडची खिडकी दिसत होती! साखर गारात नीट विरघळत नाही, म्हणून पाक आधीच करून ठेवते. मंडईतून आणलेला पुदिना तळहातावर एकदाच चापटायचा. कुस्करला की कडवट होतो. लिंबू अगदी शेवटी, पेल्यातच. रंग लगेच फिका सोनेरी होतो. आणि बर्फ त्याच चहाचा लावते, नाहीतर शेवटचे दोन घोट नुसतं पाणी.