कोल्हापुरात जुनी अमेरिकन मसल कार सांभाळायची तर: आधी कागद, पत्रा आणि ब्रेक, हॉर्सपॉवर नंतर

जुनी मसल कार, म्हणजे मोठं ताकदवान इंजिन घातलेली अमेरिकन गाडी, घ्यायची म्हटलं की जो तो पहिल्यांदा इंजिन किती सीसीचं आणि हॉर्सपॉवर किती हेच विचारतोय, आणि माझ्या मते गाडी चुकीची घेतली जाते ती इथंच. भावांनो, आपल्या कोल्हापुरात इंजिन हा सगळ्यात सोपा विषय हाय. उद्यमनगरात बोरिंग होतंय, क्रँक ग्राइंडिंग होतंय, हेडला नवीन व्हॉल्व्ह सीट बसतात, आणि लागलंच तर शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावला एखादा पार्ट ओतूनबी मिळतोय. जे इथं सहज मिळत नाही ते म्हणजे सरळ कागद आणि न सडलेला पत्रा. म्हणून पैसे घालायचा क्रम मी सांगतो तो असा, कागद, पत्रा, ब्रेक, कूलिंग, आणि या सगळ्यातनं उरलं तर मग पॉवर. माझ्याकडं १९६६ची मस्टँग हाय, २८९ क्युबिक इंचाचं आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन, लेफ्ट हँड म्हणजे स्टिअरिंग डावीकडं. त्यामुळं उदाहरणं बरीचशी तिचीच येतील पण चार्जर, शेव्हेल, जीटीओ कुठलीबी असली तरी क्रम हाच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे की या गाड्या आपल्याकडं कमी का. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ ते १९५४ चालला, त्यामुळं चाळीस-पन्नासच्या दशकातल्या शेवरले अजून दिसतात. खरा मसल कारचा जमाना सुरू झाला १९६४ला, पाँटिअ‍ॅकनं मधल्या साइजच्या गाडीत ३८९ क्युबिक इंचाचं इंजिन टाकून जीटीओ काढली तेव्हा, आणि तोवर आपल्याकडं परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद झाली होती. जी काय थोडी आली ती वकिलातीच्या लोकांबरोबर आली आणि ते परत जाताना स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीमार्फत विकली गेली. म्हणजे अशा गाडीच्या मागं मालकांची एक साखळी असतेच, आणि ती आरसी बुकात पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळली पाहिजे. मधला एक मालक जरी गायब असला तरी कितीबी देखणी गाडी असू दे, हात जोडून बाहेर पडायचं.

आता कायदा. २०२१च्या नियमानं पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, पुढं नूतनीकरणाला ५ हजार, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर राहतोय. पण ध्यानात ठेवा, व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं एवढंच. रविवारी सकाळी पन्हाळ्याला जायचं असेल तर साध्या नोंदणीची, वेळच्या वेळी नूतनीकरण झालेली गाडी शोधलेली बरी. आणि मूळ रूप म्हणजे मूळ रूप. आपल्याकडं मायलेजसाठी कितीतरी अमेरिकन गाड्यांची व्ही८ काढून डिझेल इंजिनं बसवली गेली, तसली गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका. बाहेरनं आणायची म्हणाल तर २०२५ पासून ५० वर्षांवरची गाडी स्वतःच्या वापरासाठी परवान्याशिवाय आणता येते, पण ती इथं विकता येत नाही, आणि ड्युटीचा आकडा कस्टम एजंटकडनं लेखी घेतल्याशिवाय तिकडं एक रुपया पाठवायचा नाही.

गाडी बघायला जाताना वही-पेन घेऊन जायचं आणि चासी नंबर स्वतःच्या हातानं उतरवून घ्यायचा. मस्टँगचा नंबर वाचायला सोपा हाय. पहिला आकडा साल, म्हणजे ५ असेल तर १९६५. दुसरं अक्षर कारखाना, एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मेटचन. मग दोन आकडे बॉडीचे, ०७ हार्डटॉप, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक. आणि पाचव्या जागेचं अक्षर इंजिन सांगतंय, सी म्हणजे २८९ दोन बॅरलची (कार्बोरेटरला हवेची दोन तोंडं), ए म्हणजे चार बॅरलची, के म्हणजे हाय परफॉर्मन्स. टी असेल तर गाडी कारखान्यातनं सहा सिलिंडरची निघालेली, व्ही८ कुणीतरी नंतर घातलंय. १९६४-६५च्या जीटीओचं अवघड हाय कारण तिचा नंबर पाँटिअ‍ॅकच्याच साध्या लमान्स गाडीसारखा सुरू होतोय, त्यामुळं बिल्ला लावून केलेल्या नकला लई. आणि हॉर्सपॉवरच्या आकड्यांवर भाळू नका. १९७१पर्यंतचे आकडे इंजिन बाहेर स्टँडवर ठेवून, एअर फिल्टर-सायलेन्सर न जोडता मोजलेले, १९७२ पासून सगळं जोडून मोजायला लागले, म्हणून कागदावर पॉवर एकदम पडलेली दिसते.

पत्रा मात्र निवांत बघायचा, त्यात अर्धा दिवस गेला तरी चालेल. एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळायचा आणि दाराच्या खालची कड, मागच्या चाकाची कमान, डिकीचे कोपरे यावरनं हळूहळू फिरवायचा, जिथं चुंबक धरत नाही तिथं आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली हाय असं समजायचं. मस्टँगचा सगळ्यात वाईट रोग काचेच्या पुढं जी हवेची जाळी असते तिच्या आत असतोय. तिथं पानं-माती साठते, पाणी मुरतंय आणि पत्रा आतनं सडतोय, आणि वरनं बघून काहीच कळत नाही. उपाय एवढाच की ड्रायव्हरच्या पायाकडची मॅट वर उचलायची, एकानं जाळीवर तांब्यानं पाणी ओतायचं आणि दुसऱ्यानं डॅशबोर्डच्या खाली टॉर्च धरून बसायचं. पाणी पुढच्या चाकामागनं खाली रस्त्यावर पडलं तर उत्तम. हीटरच्या कडेनं पायावर टपकायला लागलं तर ते काम करायला वायपर, डॅशबोर्ड, फेंडर सगळं उतरवून वरचा पत्रा वेल्डिंग तोडून काढायला लागतंय. विकणारा म्हणेल सिलिकॉन मारू. ऐकायचं नाही. मग गाडी लिफ्टवर घेऊन खालचे रेल आणि बॅटरीच्या खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरनं दाबून बघायचा, या गाडीला ट्रकासारखी वेगळी चासी नसते, पत्रा हीच चासी.

ब्रेकचं आता. १९६६पर्यंतच्या मस्टँगला मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा, म्हणजे एक होज फुटला की चारी चाकांचा ब्रेक गेला. १९६७ पासून डबल सर्किट आलं, आणि ते जुन्या गाडीत बसवता येतंय. मूळ सिलिंडर फडक्यात बांधून जपून ठेवायचा पण गाडीवर डबलच पाहिजे, इथं हौस मधे आणायची नाही. पुढं डिस्क ब्रेक १९६५ पासून ऑप्शन म्हणून मिळायचे त्यामुळं तेवढा बदल गाडीच्या जातीला धरूनच हाय. ड्रमच ठेवायचे असतील तर लेथवर ट्रू करून घ्या, पण १० इंची ड्रम साधारण ०.०६० इंचापर्यंतच मोठा करायचा, त्याच्या पुढं गेला की फेकायचा. आणि चाकातली ती दातेरी अ‍ॅडजस्टरची चक्री डावी-उजवी वेगळी असते बघा, अदलाबदल झाली तर ब्रेक घट्ट होण्याऐवजी दरवेळी ढिला होत जातोय. खोलताना एक बाजू पूर्ण जोडून झाल्याशिवाय दुसरीला हात लावू द्यायचा नाही, मिस्त्री कितीबी घाईत असू दे.

मिस्त्रीवरनं आठवलं, पाने. या गाडीला सगळे आटे इंची. १३चा पाना १/२ला जवळजवळ बसतोय आणि तिथंच बोल्टाचं डोकं गोल होतंय, म्हणून इंची पान्यांचा नि सॉकेटचा सेट स्वतःचा घेऊन डिकीत ठेवायचा आणि एमएमचा बोल्ट इंची भोकात दाबून बसवू द्यायचा नाही. डॉज-प्लिमथ असेल तर अजून एक, १९७०पर्यंत त्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. पंक्चरवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो पाइप लावून ताकदीनं स्टडच तोडतोय.

फायरिंग ऑर्डर कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवायची. २८९ची १-५-४-२-६-३-७-८, आणि गाडीत बसून पुढं बघितलं तर एक ते चार सिलिंडर उजव्या हाताला, पाच ते आठ डाव्या हाताला. डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट फिरतोय. शेवरलेच्या व्ही८चं सगळंच वेगळं, १-८-४-३-६-५-७-२, एक्कीचे सिलिंडर डावीकडं, बेकीचे उजवीकडं, रोटर घड्याळाप्रमाणं. प्लग वायर चुकून एका घरानं सरकल्या की कार्बोरेटरमधनं भडका उडतोय, त्यामुळं फायर एक्स्टिंग्विशर सीटच्या पुढं, हाताला येईल असा, डिकीत नाही.

पेट्रोलचा विषय आपल्या जिल्ह्याच्या जवळचा, कारण इथनंच उसापासनं इथेनॉल जातंय. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असतंय. साठ सालच्या रबराला ते सोसत नाही, होज मऊ पडतात, फ्युएल पंपाचा नि कार्बोरेटरचा डायाफ्राम फुगतोय. टाकीपासनं कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक होज इथेनॉल चालणारा नवीन टाका, यात उसनवारी नको. मिश्रणबी पातळ होतंय म्हणून कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक-दोन नंबर मोठा घालून प्लगचा रंग बघायचा, पांढरा दिसला तर अजून पातळ, फिकट तपकिरी आला की बरोबर. सी कोडच्या २८९ला कॉम्प्रेशन ९.३, ती नीट टायमिंगवर चालून जाते, पण १९६४च्या जीटीओसारख्या १०.७५च्या इंजिनाला कमी ऑक्टेनचं पेट्रोल घातलं तर चढाला पिस्टन ठोकायला लागतात. तिथं ९५ ऑक्टेनच्या खाली जायचंच नाही. शिसं असलेलं पेट्रोल २००० सालापासनं बंद, म्हणून हेड उतरवलंच असेल तर व्हॉल्व्हला कडक सीट बसवून घ्या. ऑइल झिंक जास्त असलेलं २० डब्ल्यू ५०, कारण या इंजिनांचे टॅपेट सपाट असतात, कॅमवर घासून चालतात. नवीन कॅम घातला तर पहिली २० मिनिटं इंजिन दोन हजार आरपीएमच्या वर ठेवायचं, आयडलला सोडलं की कॅम गेला. अ‍ॅव्हरेज विचारू नका, गावात लिटरला चार-पाच.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाका असं सांगणारे भेटतील. काढू नका, ८२ डिग्रीचा चांगला घाला, तांब्याचा रेडिएटर जाड कोअरचा करून घ्या आणि फॅनभोवतीचं श्राउड, म्हणजे हवा रेडिएटरमधनं ओढायला लावणारं वेष्टन, असलंच पाहिजे. श्राउड नसेल तर महाद्वार रोडच्या गर्दीत दहा मिनिटांत काटा वर जातोय. तसं त्या गर्दीत, पापाची तिकटीकडं ही गाडी न्यायचीच कशाला.

चालवताना लेफ्ट हँडचा सगळा खेळ ओव्हरटेकला. तुम्ही रस्त्याच्या कडेला बसलेले असता, समोरनं काय येतंय ते पुढच्या ट्रकामुळं दिसतच नाही. शेजारी समज असलेला माणूस पाहिजे आणि त्यानं फक्त 'थांब' किंवा 'मोकळं' एवढंच बोलायचं, 'जाईल बहुतेक' म्हणणारा माणूस मागच्या सीटवर बसवा. पुढच्या गाडीपासनं लांब राहिलं की उजवीकडचं जास्त दिसतंय. लेफ्ट हँड गाडीला चालू स्थितीतले इंडिकेटर कायद्यानंच लागतात, ते रोज तपासायचे. गाळप हंगामात तर जास्तच सांभाळून, उसाच्या ट्रॉल्यांना मागं लाइट नसतात, रस्त्यावर कांड्या पडलेल्या असतात, आणि मळीचिखलावर मागच्या चाकाला एवढा टॉर्क दिला की शेपूट फिरलंच. अंधारात नाहीच. आंबा घाट नाहीतर गगनबावड्याकडं उतरताना सुरुवातीपासनंच सेकंडला ठेवायची, ड्रम तापले की पेडल घट्ट लागतंय पण गाडी थांबत नाही. सरावाला पन्हाळा रोड सकाळी सहाला चांगला. स्पीडब्रेकर तिरका घ्यायचा, सायलेन्सर खाली लोंबत असतोय.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर गाडी उभीच ठेवा. गॅरेज कुठं हाय ते आधी बघा, २०१९ आणि २०२१च्या पुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला आलं होतं, सखल भागात असेल तर गाडी मे महिन्यातच वरच्या अंगाला हलवायची. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतंय म्हणून टाकी रिकामी करायची, कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवायचं, बॅटरीची वायर काढायची, गाडी स्टँडवर, हँडब्रेक सोडलेला, नाहीतर शू ड्रमला चिकटतात. वर प्लास्टिक कधीच नाही, सुती कव्हर. खिडकी बोटभर उघडी. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात बघून आल्यावर आपली गाडी बाहेर काढायची घाई सगळ्यांनाच होते, पण आधी चारी ड्रम उघडून व्हील सिलिंडरचं रबर वर करून बघा, आत ओल दिसली तर किट बदला, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण नवीन, आणि टायरवरचा चार आकडी आठवडा-सालाचा शिक्का वाचून सहा वर्षांवरचे टायर काढून टाका, नक्षी कितीबी शिल्लक असली तरी.