आठ मुलं, चार प्रती: शाळकरी वाचनकट्टा कसा चालवावा

मुंबईत मुलांचा वाचनकट्टा मोडतो तो बहुतेकदा पुस्तक वेळेवर हातात न पडल्यामुळे. म्हणून आधी प्रतींचं बघा.

सहा ते आठ मुलं पुरेत. दहाच्या वर गेलं की कडेला बसलेली दोघं-तिघं गप्पच राहतात. इयत्ता जवळच्या असाव्यात. दहावीची मुलं जानेवारीनंतर येणार नाहीत हे धरूनच चाला.

आठ जणांना एकाच पुस्तकाच्या चार प्रती लागतात. जोड्या लावा. पहिले 10 दिवस प्रत एकाकडे, पुढचे 10 दिवस जोडीदाराकडे, 21व्या दिवशी बैठक. 120 पानांचं पुस्तक असेल तर रोज 12 पानं होतात. शाळा-क्लास सांभाळून तेवढी जमतात. 200 पानांचं घेतलंत की गणित फसतं. जोडी एकाच इमारतीतली किंवा एकाच वर्गातली असावी, म्हणजे अदलाबदल जिन्यात किंवा मधल्या सुट्टीत होते.

एकाच वाचनालयात चार प्रती मिळतील असं समजू नका. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या (स्थापना 1898) शाखा शहरभर आहेत. दोन-तीन शाखांत विचारा, उरलेली प्रत विकत घ्या. परतीची मुदत 20 दिवसांपेक्षा कमी असेल तर तारीख वाढवून घेण्याचं काम एकाच मुलावर सोपवा. पावसाळ्यात प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच दप्तरात.

पहिल्या फेरीत वाचणारा बैठकीपर्यंत बरंचसं विसरतो. त्यासाठी चिठ्ठी: तीन पानांचे आकडे. कुठे थांबलो, कुठे कळलं नाही, कुठे पटलं नाही. चिठ्ठी वहीत ठेवायची. पुस्तकात राहिली तर दुसरा नेमकी तीच पानं उघडतो.

बैठक सव्वा तासाची. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, तेव्हा चालत येता येईल अशी जागा निवडा. सोसायटीचं कार्यालय किंवा गच्चीही चालते. सुरुवातीला कट्टा चालवणाऱ्या ताईने किंवा दादाने 10 मिनिटं मोठ्याने वाचावं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना याचा फार आधार होतो, कारण बोलीतली वाक्यं डोळ्यांना अडतात, पण कानावर पडली की लगेच कळतात. मग प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीतल्या एका पानावरचं वाक्य वाचायचं, माणशी 3 मिनिटं. ज्या पानावर दोघांचं जुळत नाही तिथे अर्धा तास द्या. खरी चर्चा तिथेच होते. उरलेल्या वेळात पुढचं पुस्तक ठरवा.

‘सारांश सांग’ असं कधीही म्हणू नका. त्या क्षणी कट्ट्याचा वर्ग होतो, आणि ज्याचं वाचून झालेलं नाही तो पुढच्या वेळी येत नाही. अर्धवट वाचलेल्यालाही बोलावा. शेवट उघड होणार, एवढं मात्र त्याला आधी सांगून ठेवा.

गणपती, दिवाळी आणि वार्षिक परीक्षेत सुट्टी द्या. मे महिन्यात निम्मी मुलं गावी जातात, तेव्हा बैठक नको. निघण्याआधी प्रत्येकाच्या पिशवीत एकेक वेगळं पुस्तक द्या.