विकर केंद्रकावरणाच्या कोणत्या बाजूला आहे, हे कसे तपासावे

केंद्रकाचे आवरण दुहेरी असून त्याच्या दोन पटलांत जेमतेम 30 ते 50 नॅनोमीटर अंतर असते, आणि साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाला सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. त्यामुळे विकराला (एन्झाइमला) चिकटणारी चमकती अँटिबॉडी लावल्यावर केंद्रकाभोवती उजळ कडा दिसली, एवढ्यावरून विकर बाहेरील पटलावर आहे की आतील, हे ठरत नाही. संकेतवहनात, म्हणजे पेशीत संदेश पोहोचण्याच्या प्रक्रियेत, मात्र हाच प्रश्न कळीचा आहे. दम्यात श्वासनलिका आवळणाऱ्या ल्युकोट्रायीनांची सुरुवात करणारे 5-लायपॉक्सिजनेस हे विकर न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमध्ये एरवी पेशीद्रवात असते आणि कॅल्शियम वाढताच केंद्रकावरणाला चिकटते. फुप्फुसातील भक्षक पेशींत ते आधीच केंद्रकात असते. विकर तेच, पण पटलाकडे येण्याची वाट निराळी.

तपासणीसाठी काचपट्ट्यांवरील पेशींचे दोन गट करावेत, एक विश्रांत व दुसरा कॅल्शियम आयनोफोरने (पेशीत कॅल्शियम शिरू देणाऱ्या रसायनाने) चेतवलेला, आणि दोन्ही 4 टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडने स्थिर करावेत. प्रत्येक गटातील निम्म्या काचपट्ट्या बर्फावर ठेवून डिजिटोनिनच्या सौम्य द्रावणात (मिलिलिटरला सुमारे 40 मायक्रोग्रॅम) पाच मिनिटे बुडवाव्यात, उरलेल्या 0.2 टक्के ट्रायटनमध्ये, म्हणजे केंद्रकासह सगळी पटले उघडणाऱ्या डिटर्जंटमध्ये. डिजिटोनिन कोलेस्टेरॉलला धरते. कोलेस्टेरॉल पेशीपटलात भरपूर आणि केंद्रकावरणात अल्प असल्याने पेशी उघडते, केंद्रक मात्र बंद राहते. अँटिबॉडीचे वजन सुमारे 150 किलोडाल्टन असल्याने ती केंद्रकछिद्रांतून आपोआप आत शिरत नाही.

यापुढे डिजिटोनिनच्या काचपट्ट्यांसाठी वापरायच्या एकाही द्रावणात डिटर्जंट नसावे. नेहमीच्या बाटलीतील ट्वीन या डिटर्जंटने मिश्रित बफर सवयीने ओतले जाण्याचा धोका असतो, आणि मग केंद्रकही उघडून निष्कर्ष वाया जाण्याची शक्यता असते. म्हणून प्रत्येक वेळी लॅमिन (केंद्रकावरणाच्या आतील बाजूचे प्रथिन) व ट्युब्युलिन (पेशीद्रवातील प्रथिन) यांच्या अँटिबॉडी सोबत लावाव्यात: डिजिटोनिनमध्ये ट्युब्युलिन दिसावे, लॅमिन अजिबात दिसू नये. लॅमिन दिसल्यास मात्रा कमी करून प्रयोग पुन्हा करावा, कारण तो निकाल दुरुस्त करता येत नाही.

चेतवलेल्या पेशींत कडा फक्त ट्रायटनमध्ये उजळली, तर विकर आतील बाजूस आहे. दोन्हींत उजळल्यास ते बाहेर आहे एवढेच सिद्ध होते. आतही आहे का, हे पाहण्यासाठी सोन्याच्या कणांनी खूण केलेली अँटिबॉडी वापरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छेद तपासावे लागतात.