हार्डांगर भरतकाम: कापलेल्या धाग्यांचे तुसे कसे आवरले

नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या हार्डांगर भागातलं हे पांढऱ्यावर पांढरं भरतकाम. तिथल्या पारंपरिक पोशाखाच्या एप्रनवर फार खुलून दिसतं. कापडाच्या चार धाग्यांवर पाच सॅटिन टाके (एकमेकांना लागून घातलेले सरळ, सपाट टाके), असे चौकोन घालायचे आणि मग मधले धागे कापून जाळी काढायची. माझ्या जाळीच्या कडेला तुसे राहायचे.

उपाय कात्रीच्या जागेत सापडला. टाक्यांना समांतर जाणारे धागेच कापायचे, तेही टाक्यांच्या टोकांशी अगदी लगटून. टाक्यांच्या लांब बाजूला कात्री मुळीच लावायची नाही. तिथे कापलं तर कड उसवते. समोरासमोरचे चौकोन एका ओळीत आहेत ना, हे आधी मोजाच! अणकुचीदार कात्रीने दोन-दोन धागे उचलून कापले की हात चुकत नाही. तरीही उरलेले तुसे कापड धुऊन, वाळवून मगच छाटते.