चांदीच्या चमच्यावरची कारागिराची मोहोर सगळ्यात शेवटी वाचा

लंडनच्या एका लिलावगृहात नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी एका चमच्याचं साल चाळीस वर्षांनी चुकवलं. दांड्याच्या पाठीवर चालता सिंह, मुकुट घातलेला बिबट्या आणि लहान लिपीतला ‘ए’ होता. तक्ता पाहून मी १७७६ लिहून मोकळी झाले. पण त्या काळी लंडनमध्ये दर सालाला एक अक्षर असे, आणि ही अक्षरमाला वीस वर्षांत संपून नव्याने सुरू होई. तसाच लहान ‘ए’ १८१६ लाही येतो. शेजारी राजाचं मस्तक ठोकलेलं होतं, तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. ती चांदीवरचा कर भरल्याची खूण. १७८४ च्या डिसेंबरात ती सुरू झाली, १८९० मध्ये बंद पडली. म्हणजे १७७६ शक्यच नव्हतं.

तेव्हापासून कारागिराची मोहोर, म्हणजे त्याची आद्याक्षरं, मी शेवटी वाचते. आधी कस: इंग्लंडमध्ये चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. मग शहर: बिबट्या लंडनचा, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा. मग साल. हे ठरलं की त्या शहरात, त्या काळात ती अक्षरं कुणी नोंदवली होती एवढंच शोधायचं उरतं. उलटीकडून निघालात तर एकाच आद्याक्षरांचे ढीगभर कारागीर सापडतात आणि मनाला आवडेल तो निवडला जातो. हा मोह फार वाईट.

अक्षरांइतकंच त्यांचं वळण आणि भोवतीची चौकट बघा. लंडनच्या चांदी-कारागीर हेस्टर बेटमन यांनी पतीच्या निधनानंतर १७६१ मध्ये स्वतःची मोहोर नोंदवली. तिच्यातला ‘एच बी’ वळणदार, हस्ताक्षरासारखा आहे. ठोकळेबाज ‘एच बी’ दिसला तर तो दुसऱ्या कुणाचा. आणि ही मोहोर असलेला प्रत्येक चमचा बाईंनीच घडवला असंही समजू नका. मोहोर कामाची जबाबदारी कुणाची ते सांगते, हातोडा कुणाच्या हातात होता ते नाही.

साधारण १७८० पर्यंत छाप दांड्यावर खाली, चमच्याच्या वाटीजवळ मारत. छाप मारल्यावर दांडा पुन्हा ठोकून नीट करत, त्यामुळे जुन्या चमच्यांवर अक्षरं दबलेली, ताणलेली दिसतात. ती खोटी म्हणून बाजूला टाकू नका. खरी सावधगिरी ‘ई पी एन एस’ला हवी: वेगवेगळ्या चौकटींतली ही अक्षरं लांबून कसाच्या छापांसारखी वाटतात, पण तो नुसता चांदीचा मुलामा असतो.

दहा पटीचं भिंग पुरतं. छाप पुसट असेल तर आधी पॉलिश करू नका. खाचेतल्या काळसरपणामुळेच अक्षर उठून दिसतं. दिवा आडवा धरा आणि चमचा हळूहळू फिरवा.