जुन्या गाडीचा हिटर गरम होत नाही? डॅशबोर्ड उतरवण्याआधी हे तपासा

मुंबईत हिटर कधी बंद पडला ते कळतच नाही, कारण तो कुणी लावतच नाही. सांताक्रूझला नोंदलेलं नीचांकी तापमान 7.4 अंश, आणि तेही 22 जानेवारी 1962 चं. कळतं ते जुलैमध्ये माळशेज घाटात काच आतून वाफेने भरून येते तेव्हा, नाहीतर डिसेंबरात पहाटे कसारा चढताना. मग गाडी गॅरेजात जाते आणि ‘कोर गेलाय, डॅशबोर्ड उतरवावा लागेल’ असं ऐकायला मिळतं. कधीकधी ते खरंही असतं. पण दोष बऱ्याचदा कोरच्या अलीकडेच सापडतो, आणि तो शोधायला डॅशबोर्डला हात लावावा लागत नाही.

हिटर म्हणजे डॅशबोर्डामागे बसवलेला छोटा रेडिएटर, त्यालाच कोर म्हणतात. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा फुंकतो. पाणी पुरेसं तापतंय का, कोरपर्यंत पोचतंय का आणि हवा कोरवरून जातेय का, याच क्रमाने बघायचं.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना अजिबात नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं. पाणी तोंडापर्यंत दिसायला हवं. बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर विसंबू नका. झाकणाचं रबर फाटलं असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं होतं. हिटरचे पाइप बहुतेक गाड्यांत उंचावर असल्याने पातळी उतरली की पहिला फटका हिटरलाच बसतो. पाण्याचा रंग चहासारखा असेल तर कुलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं गेलंय, असं समजा.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. इथे जरा वेळ द्या, कारण मुंबईतल्या जुन्या गाड्यांत तो जागेवर असेलच असं नाही. ट्रॅफिकमध्ये गाडी तापली की काही मिस्त्री तो काढून टाकतात. ‘आपल्या हवेत लागत नाही’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. ते चूक आहे. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो, तोवर पाणी रेडिएटरकडे सोडत नाही. तो नसला तर वेगात इंजिन तापतच नाही, हिटर कोमट राहतो आणि पेट्रोल जास्त जातं. काही इंजिनांत तर बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट सताड उघडी राहून, ज्या तापण्यामुळे तो काढला तेच उलट वाढतं.

ओळखायचं कसं? थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजपाइपला हात लावा. पंखा आणि पट्ट्यापासून बोटं लांब ठेवा. थर्मोस्टॅट धड असेल तर पाइप काही मिनिटं थंड राहतो आणि मग एकदम तापतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा नाहीच. दुसरी खूण काट्याची: शीवच्या सिग्नलला मध्यावर असलेला काटा ईस्टर्न फ्रीवेवर मोकळा रस्ता मिळताच खाली उतरतो.

काढलेला थर्मोस्टॅट जुन्या पातेल्यातल्या पाण्यात, तळाला टेकणार नाही असा दोरीने टांगून तापवा. त्याच्या अंगावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. नवा घेताना त्याच अंशाचा आणि सोबत नवं पॅकिंग घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग मिळतात, पण ही वस्तू जुनी घेऊ नका.

इंजिन तापल्यावर हिटर पूर्ण गरमवर ठेवा आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात, शिरणारे दोन पाइप चाचपा. दोन्ही चटका देण्याइतके गरम, तरी हवा थंड: हवा कोरकडे वळवणारी आतली झडप हलत नाही, तिची केबल निसटली असेल. एक गरम, दुसरा जेमतेम कोमट: कोर गाळाने भरलाय. दोन्ही थंड: हिटरचा व्हॉल्व्ह बंद अडकलाय किंवा हवा अडकलीय. पाइप कोरला न जोडता एकमेकांना जोडलेले दिसले तर कोर पूर्वीच गळला होता आणि कुणीतरी तो वगळून टाकलाय. एक्सलेटर दिल्यावरच गरम हवा येत असेल तर पातळी आणि वॉटर पंप बघा.

कोर भरला असेल तर थंड इंजिनावर दोन्ही पाइप सोडवा. जुना पाइप ओढू नका, आधी पिळून सैल करा. कोरची नळी पातळ असते, वाकली की काम वाढलं. जिथून पाणी बाहेर येतं त्या बाजूने बागेच्या पाइपने हलक्या धारेने उलटं पाणी सोडा. कंप्रेसरची हवा नको. आधी तांबूस गाळ येईल. नितळ पाणी येईपर्यंत दोन्ही दिशांनी आलटून पालटून धुवा. निघालेलं कुलंट बादलीत धरा. चवीला गोड आणि विषारी असतं, सोसायटीच्या मांजरांनी चाटलं तर जिवावर बेतेल.

भरताना कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. गाडीचं तोंड चढावर, हिटर गरमवर, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करा. वरचा पाइप दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं ओतत राहा, पाणी फार तापायच्या आत झाकण लावा. ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा काढायचा स्क्रू) असेल तर तिथून सलग धार आल्यावरच बंद करा.

हवाच कमी येत असेल तर काचेखालच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा आणि केबिन फिल्टर आधी काढा. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर त्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर बदला.

पायाशी ओल दिसली तर बोट लावून बघा. एसीचं पाणी स्वच्छ, वास नसलेलं असतं. त्याची निचऱ्याची नळी तुंबलेली असते. चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल आणि काचेवर तेलकट थर येत असेल, तर कोर फुटलाय. तेव्हा मात्र डॅशबोर्ड उतरवावाच लागतो.

सगळं जोडल्यावर पंधरा मिनिटं गाडी चालवा आणि मधल्या जाळीत स्वयंपाकाचा थर्मामीटर धरा. 50 अंशांच्या वर गेला तर काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघा, थोडी उतरलेली असतेच.