गुलाबावर, वांग्यावर जाळी धरली? लाल कोळी अशी आवरा

होळी झाली आणि ऊन तापू लागलं की गच्चीवरचा गुलाब एकाएकी निस्तेज दिसायला लागतो. पानांचा हिरवेपणा उतरतो, बारीक पांढुरके ठिपके दिसतात, खालची पानं तांबूस होऊन गळतात. बहुतेकांना वाटतं झाडाला पाणी कमी पडलं किंवा खत हवंय. मग मूठभर युरिया किंवा पातळ शेणखत घातलं जातं आणि आठवड्याभरात झाड आणखी खालावतं. कारण हे दुखणं मुळाशी नसतं, पानाच्या मागे असतं. नत्र जास्त मिळालेली कोवळी, रसदार पालवी तर या किडीला आणखीच मानवते.

ही कीड म्हणजे लाल कोळी. नाव लाल असलं तरी ती पुष्कळदा फिकट हिरवी किंवा पिवळसर असते आणि अंगावर दोन काळपट ठिपके असतात. आकार जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती कीटक नाही, आठ पायांची आहे, कोळ्याच्या कुळातली. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कीटकांसाठी आणलेलं औषध तिला लागू पडेलच असं नाही.

आधी खात्री करा

पांढरा कागद फांदीखाली धरा आणि पानांवर बोटाने दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर धुळीचे कण पडतील. अर्धा मिनिट थांबून बघा. त्यातले काही कण चालू लागले तर कोळी आहे. बोटाने ते चिरडले की तांबूस किंवा हिरवट रेघ उमटते. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर पान उलटं करून शिरेजवळ बघा. कोळ्यांसोबत काचेच्या मण्यांसारखी गोल अंडीही दिसतील.

जाळी दिसेपर्यंत थांबू नका. शेंड्यावर जाळी पसरते तेव्हा कीड फार वाढलेली असते आणि जागा कमी पडल्यामुळे ती दुसऱ्या झाडाकडे निघालेली असते. धाग्याला लोंबकळून वाऱ्याबरोबर ती शेजारच्या कुंडीवर जाते. आपल्या बाहीवरून आणि कात्रीवरूनही जाते.

दोन ठिकाणी गल्लत होते. फुलकिडे पानावर चंदेरी चट्टे पाडतात आणि विष्ठेचे काळे ठिपके सोडतात. त्यांची जाळी नसते. मिरचीवरचा बोकड्या, म्हणजे पानं वळून आकसणं, हाही वेगळा ओळखायला हवा. पानं वरच्या बाजूला वळली तर बहुधा फुलकिडे असतात. खाली वळून लांबट झाली तर तीही एक कोळीच असते, पण वेगळी, जाळी न करणारी आणि साध्या डोळ्यांना न दिसणारी. तिला पाण्याच्या माऱ्यापेक्षा गंधकाचा उपाय जास्त लागू पडतो.

अंड्यांचा हिशेब समजला तरच उपाय चालतो

एकदा फवारलं, दोन दिवस बरं वाटलं, आठवड्याने पुन्हा तेच, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्याचं उत्तर अंड्यांत आहे. 30 अंशांच्या आसपास तापमान असेल तर अंडं सुमारे तीन दिवसांत फुटतं आणि आठवड्याभरात त्यातून निघालेली मादी स्वतः अंडी घालू लागते. एक मादी तिच्या दोन-चार आठवड्यांच्या आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. नर भेटला नाही तरी तिचं अडत नाही. फलित न झालेल्या अंड्यांतून नर जन्मतात आणि वंश पुढे चालतो.

साबण, पाणी, कडुनिंब ही साधनं चालत्या कोळ्यांवर चांगली पडतात, पण बरीच अंडी त्यातून वाचतात. म्हणून पहिल्या फवारणीनंतर फुटलेली पिल्लं मोठी होऊन अंडी घालायच्या आत दुसरी फवारणी व्हायला हवी. मार्च ते मे दर तीन-चार दिवसांनी, थंडीत दर सहा-सात दिवसांनी, असे किमान तीन-चार हात द्या. दुसरा हात चुकवला तर पहिल्याची मेहनत वाया जाते. आजच कॅलेंडरवर चारही तारखांवर खूण करा, मगच पंप हातात घ्या.

पहिलं काम: वेगळं करणं आणि छाटणी

लागण झालेली कुंडी बाकीच्यांपासून दूर न्या. दुसऱ्या झाडाला पान लागणार नाही इतकं अंतर हवं. ज्या पानांवर जाळी पसरली आहे आणि जी निम्म्याहून जास्त पिवळी पडली आहेत ती काढून थेट पिशवीत टाका. उघड्या पाटीत भरून इतर झाडांवरून नेऊ नका आणि कंपोस्टच्या डब्यातही टाकू नका. पिशवीचं तोंड बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, मग कचऱ्यात द्या. मात्र सगळं झाड बोडकं करू नका. भर उन्हाळ्यात एक तृतीयांशाहून जास्त पानं काढली तर झाडाला सावरायला जड जातं. काम झालं की कात्री आणि हात साबणाने धुवा.

दुसरं काम: पाण्याचा मारा

हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि लोक तोच टाळतात, कारण औषधाची बाटली दिसली की उपाय केल्यासारखं वाटतं. सकाळी लवकर, एक तळहात पानांच्या वर आधाराला धरून पाईपने खालून वर जोराचा मारा द्या. वरून शिंपडलेल्या पाण्याने काहीही होत नाही. कीड पानाच्या पाठीला चिकटलेली असते. कुंडी छोटी असेल तर मातीवर प्लास्टिक बांधून ती आडवी करा म्हणजे पानाची मागची बाजू सहज मिळते. एक दिवसाआड तीनदा असं केलं की निम्मं काम झालं. जाळी तुटते, पिल्लं वाहून जातात आणि पानावरची धूळही जाते. रस्त्याकडेच्या किंवा बांधकामाशेजारच्या गच्चीत कोळी जास्त दिसते, कारण धुळीत तिला खाणारे मित्रकीटक टिकत नाहीत.

सकाळचीच वेळ का? संध्याकाळी भिजलेली पानं रात्रभर ओली राहतात आणि गुलाबावर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला आमंत्रण मिळतं.

तिसरं काम: साबण आणि कडुनिंब

एक लिटर पाण्यात 5 मिली पोटॅश साबण, म्हणजे बागेसाठी मिळतो तो पातळ साबण. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं डिटर्जंट वापरू नका, कोवळी पानं करपतात. बोअरच्या जड पाण्यात साबण फुटून त्याच्या गुठळ्या होतात आणि पंपाचं तोंड बुजतं. फिल्टरचं पाणी घ्या. साबणाचं पाणी किडीच्या अंगाला ओलं लागलं तरच काम करतं, वाळल्यावर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून पानाची पाठ निथळेपर्यंत भिजवा.

कडुनिंबाचं तेल घ्यायचं तर 1 लिटरला 5 मिली. आधी थोड्या कोमट पाण्यात साबण मिसळा, त्यात तेल घालून दुधाळ होईपर्यंत हलवा, मग उरलेलं पाणी ओता. तेल थेट पाण्यात टाकलं तर ते वर तरंगतं आणि शेवटच्या झाडावर नुसतं तेलच पडतं. तयार केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा.

गावाकडून निंबोळ्या मिळत असतील तर 5 टक्के निंबोळी अर्क सगळ्यात उत्तम. 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या भरड कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, पाणी घालून 1 लिटर करा आणि चिमूटभर साबण मिसळा.

पहिल्यांदा दोन-तीन पानांवर फवारून एक दिवस वाट पाहा, मगच पूर्ण झाडावर फवारा. वेळ ऊन उतरल्यावरची, तेव्हा मधमाश्याही परतलेल्या असतात. इथे पानं रात्री ओली राहतात हे खरं, पण तेल-साबण उन्हात मारला तर पान भाजतं. दोन्हींत हा धोका मोठा आहे. सुकलेल्या झाडावर कधीच फवारू नका, आधी मुळाशी पाणी द्या.

गंधक आणि त्याची मर्यादा

पाण्यात विरघळणारं 80 टक्क्यांचं गंधक, लिटरला 2 ग्रॅम, हे कोळीवर जुनं आणि चांगलं औषध आहे. पण पारा 32-35 अंशांच्या वर गेला की गंधक पानं भाजतं. म्हणजे विदर्भात एप्रिलमध्ये त्याचा विचारही नको. फेब्रुवारीत किंवा पावसाळ्यानंतर ते वापरता येतं. तेल फवारल्यापासून दोन आठवडे गंधक मारू नका. काकडी, दोडका, भोपळा या वेलांना ते सोसत नाही. फवारताना तोंडाला फडकं बांधा.

दुकानातलं औषध कधी?

इमिडाक्लोप्रिड किंवा सायपरमेथ्रिनसारखी सर्रास विकली जाणारी कीटकनाशकं इथे उलटतात. ती कोळीला खाणारे किडे मारतात, कोळी तशीच राहते आणि पुढच्या आठवड्यात दुपटीने वाढते. डायकोफॉल हे जुनं कोळीनाशक कुणी कपाटातून काढून दिलं तर घेऊ नका. त्यावर भारतात 2023 च्या आदेशाने बंदी आहे. फेनपायरॉक्सिमेट, प्रोपरगाईट, स्पायरोमेसिफेन ही खास कोळीनाशकं आहेत. मावळातल्या पॉलिहाऊसमधल्या गुलाबासारख्या व्यापारी शेतीत अशा औषधांची गरज असते. पण ही कीड औषधांना लवकर सरावते, म्हणून एकच औषध पुन्हा पुन्हा मारणं तिथेही धोक्याचं. घरच्या चार कुंड्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: खायच्या भाजीवर आणि तुळशीवर ही औषधं नकोत. तुळशीला फक्त पाण्याचा मारा द्या आणि लागलेली फांदी खुडा. फुलझाडावर अगदीच वेळ आली तर लेबलवरचं प्रमाण पाळा.

मित्र ओळखा

फवारणीच्या आधी भिंगातून नीट बघा. कोळ्यांमध्ये एखादी चकचकीत, ठिपके नसलेली, भरभर पळणारी कोळी दिसली तर ती शिकारी आहे. काळा, टाचणीच्या डोक्याएवढा ढालकिडाही कोळी खातो. पानावर बारीक दोऱ्याच्या टोकाला उभं केलेलं पांढरं अंडं दिसलं तर ते क्रायसोपा या मित्रकीटकाचं; पुसू नका. हे सगळे दिसत असतील तर साबणही थांबवा, फक्त पाणी मारा आणि आठवडाभर वाट बघा.

कोळी येऊ नये म्हणून कुंड्यांमध्ये झेंडू लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. झेंडू स्वतःच कोळीला फार आवडतो. मुळांना लागणारे सूत्रकृमी आवरायला त्याचा उपयोग आहे, पण या कामाला तो नको. लावलाच असेल तर दर आठवड्याला पहिल्यांदा त्याचीच पानं उलटून बघा.

नर्सरीतून आणलेलं नवं रोप दोन आठवडे वेगळं ठेवा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की उघड्या गच्चीवरची कोळी बरीचशी धुऊन जाते. स्लॅबखालच्या बाल्कनीत मात्र पाऊस पोचत नाही, म्हणून तिथल्या कुंड्यांची पानं पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा मागच्या बाजूने धुवावीच लागतात.